सोर्समधून बिल्ड करताना अडलेली डिपेंडन्सी कशी शोधायची

टर्मिनलवर ओळींमागून ओळी सरकत असतात, सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं आणि अचानक बिल्ड थांबतं: ‘फेटल एरर: झेडलिब.एच: नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’. तुम्ही डेबियन किंवा उबुंटूवर असाल तर ‘झेडलिब१जी’ हे पॅकेज बसवायला जाता. पॅकेज मॅनेजर म्हणतो, ते तर आधीपासून आहे आणि तेही सगळ्यात नवं. पुन्हा ‘मेक’ ही बिल्डची कमांड चालवता, पुन्हा तीच ओळ. इथे बरेच जण हात टेकतात. खरं तर कंपायलरही बरोबर आहे आणि पॅकेज मॅनेजरही. दोघं दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलताहेत. तयार प्रोग्राम चालायला जी लायब्ररी (इतर प्रोग्रामनी वापरायचा तयार कोड) लागते ती तुमच्याकडे आहे. त्या लायब्ररीशी जोडून नवा प्रोग्राम घडवायला जी हेडर फाईल (लायब्ररीत काय काय आहे ते कंपायलरला सांगणारी) लागते ती नाही. ती ‘झेडलिब१जी-डेव्ह’ नावाच्या वेगळ्या पॅकेजात असते. बिल्डला लागणाऱ्या अशा बाहेरच्या वस्तूंनाच डिपेंडन्सी म्हणतात.

हे नाव अंदाजाने कुणाला सुचणार? म्हणून माझा आग्रह एकच आहे: पॅकेजचं नाव ओळखत बसू नका, फाईल शोधा. एरर तुमच्या हातात एका फाईलचं किंवा चिन्हाचं (म्हणजे फंक्शनसारख्या गोष्टीचं) नाव देते, आणि तिथून पॅकेजपर्यंत जायच्या वाटा ठरलेल्या आहेत.

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत, आणि वेगळं सांगितलं नसेल तर छोट्या लिपीतच टाइप करायच्या. उदाहरणं मुख्यतः लिनक्सवरची आणि सी-सी++ प्रकल्पांची आहेत, कारण डिपेंडन्सीचा सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो.

बिल्ड सुरू करण्याआधीची दहा मिनिटं

रीडमी आणि इन्स्टॉल या फाइली वाचायच्या हे सगळे सांगतात. पण त्यांतली यादी बऱ्याचदा जुनी झालेली असते. कुणीतरी नवी लायब्ररी वापरायला घेतो आणि रीडमीत लिहायचं राहून जातं. त्याहून भरवशाची यादी असते ती प्रकल्पाच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्यांच्या फाइलींत. सोर्सच्या फोल्डरमध्ये ‘.गिटहब/वर्कफ्लोज’ किंवा ‘.गिटलॅब-सीआय.वायएमएल’ आहे का बघा, ‘डॉकरफाईल’ आहे का बघा. त्यांत ‘ॲप्ट इन्स्टॉल’ किंवा ‘डीएनएफ इन्स्टॉल’च्या पुढे पॅकेजची नावं जशीच्या तशी मिळतात. ही यादी सहसा खोटी नसते, कारण ती चुकली तर प्रकल्पाच्या स्वतःच्याच चाचण्या पडू शकतात.

दुसरी जागा म्हणजे तुमचं डिस्ट्रिब्युशन (डेबियन, उबुंटू, फेडोरा यांपैकी जे लिनक्स तुम्ही वापरता ते). तुम्ही जे बिल्ड करताय त्याची थोडी जुनी आवृत्ती बहुधा तिथे पॅकेज म्हणून आधीच असते, आणि ते पॅकेज घडवायला काय काय लागलं याची नोंदही असते. डेबियन-उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट बिल्ड-डेप’ (‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की ती सगळी सामग्री एका दमात बसते. ‘डेब-एसआरसी’ नोंदी नाहीत अशी तक्रार आली, तर रिपॉझिटरीच्या (पॅकेजं जिथून येतात त्या साठ्याच्या) फाईलमध्ये त्या चालू कराव्या लागतात: जुन्या पद्धतीच्या ‘सोर्सेस.लिस्ट’मध्ये ‘डेब-एसआरसी’ने सुरू होणाऱ्या ओळी, नव्या ‘.सोर्सेस’ फाईलमध्ये ‘टाइप्स’पुढे ‘डेब डेब-एसआरसी’. मग ‘सुडो ॲप्ट अपडेट’. फेडोरावर हेच काम ‘सुडो डीएनएफ बिल्डडेप’ करतं. मॅकवर होमब्रू हा पॅकेज मॅनेजर असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल --ओन्ली-डिपेंडन्सीज’. आर्च लिनक्सवर त्या पॅकेजची ‘पीकेजीबिल्ड’ फाईल उघडून ‘डिपेंड्स’ आणि ‘मेकडिपेंड्स’ या दोन ओळी वाचा.

माझ्या अनुभवात एवढ्यावरच बहुतेक अडचणी संपतात. पॅकेज जुन्या आवृत्तीचं असल्यामुळे एखाददुसरी नवी डिपेंडन्सी उरते, ती पुढच्या पद्धतीने शोधायची.

पहिली एरर कोणती?

बिल्ड पडलं की आपण शेवटची ओळ वाचतो. ती बहुधा ‘मेक: एरर २’ अशी काहीतरी असते आणि तिच्यातून काहीच कळत नाही. खरं कारण वर कुठेतरी गेलेलं असतं, आणि ‘मेक -जे८’ असं समांतर चालवलं असेल तर आठ कामांच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतात. म्हणून बिल्ड पडल्यावर ते एकदा एकाच कामावर चालवा आणि सगळं फाईलमध्ये साठवा: ‘एलसी_ऑल=सी मेक -जे१ २>&१ | टी बिल्ड.लॉग’. इथलं ‘एलसी_ऑल=सी’ पूर्ण मोठ्या अक्षरांत; त्यामुळे एरर मूळ इंग्रजीत येते आणि ती शोधायला सोपी जाते. मग ‘ग्रेप -एन -एम१ एरर बिल्ड.लॉग’ करून पहिली जागा गाठा. एक हेडर नसली की तिच्यात घोषित केलेली प्रत्येक गोष्ट ‘अनडिक्लेअर्ड’ होते आणि पुढे एररची रांग लागते. त्या रांगेकडे बघूसुद्धा नका.

पहिली एरर हातात आली की ती कोणत्या टप्प्यावरची आहे ते ठरवा. अवजार नाही, की कॉन्फिगर करताना (बिल्डआधी मशीन तपासताना) तपासणी फसली, की कंपाईल करताना हेडर नाही, की लिंक करताना (कंपाईल झालेले तुकडे जोडताना) लायब्ररी नाही, की बिल्ड होऊनही प्रोग्राम सुरू होत नाही? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. टप्पा न ओळखता नेटवर सापडलेली एकेक कमांड चालवत गेलात की मशीनवर नको त्या पॅकेजांचा ढीग साचतो आणि मूळ एरर तशीच राहते.

अवजारंच नसतील तर

‘नो ॲक्सेप्टेबल सी कंपायलर फाउंड’ ही ओळ दिसली तर काम सोपं आहे. डेबियन-उबुंटूवर ‘बिल्ड-इसेन्शियल’, आर्चवर ‘बेस-डेव्हेल’, फेडोरावर ‘सी-डेव्हलपमेंट’ हा गट, मॅकवर ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’. याबरोबर ‘पीकेजी-कॉन्फिग’ हे लायब्ररींचे पत्ते सांगणारं अवजारही बसवून घ्या, ते या गटांत असेलच असं नाही.

गिटमधून कोड आणला आणि ‘कॉन्फिगर’ नावाची फाईलच नाही, असं झालं तर घाबरू नका. ती फाईल हाताने लिहिलेली नसते, ऑटोकॉन्फ ती तयार करतं, आणि गिटमध्ये ती बहुधा ठेवत नाहीत. ‘ऑटोजेन.एसएच’ असेल तर ते चालवा, नसेल तर ‘ऑटोरीकॉन्फ -एफआय’. यासाठी ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि लिबटूल ही तिन्ही हवीत.

इथे एक एरर भल्याभल्यांना चकवते. ‘कॉन्फिगर’ चालवताना अमुक ओळीवर ‘सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन’ येते. वाटतं, प्रकल्पाचाच कोड बिघडलाय. ती ओळ उघडून बघा. तिथे ‘पीकेजी_चेक_मॉड्यूल्स’ असेल तर ऑटोकॉन्फ चालत असताना ‘पीकेजी-कॉन्फिग’ तुमच्याकडे नव्हतं, म्हणून तो मॅक्रो (ज्याच्या जागी पुढे पूर्ण कोड यायचा असतो असं नाव) उलगडलाच नाही आणि जसाच्या तसा शेल स्क्रिप्टमध्ये उतरला. ‘एएक्स_’ने सुरू होणारं नाव असेल तर ‘ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह’ बसवा. दोन्ही वेळा ‘ऑटोरीकॉन्फ’ पुन्हा चालवायला विसरू नका. नुसतं पॅकेज बसवून जुनी बिघडलेली ‘कॉन्फिगर’ दुरुस्त होत नाही.

सबमॉड्यूलही इथेच तपासा. प्रकल्पाने एखादी लायब्ररी स्वतःच्या फोल्डरात ओढून घेतली असेल आणि ते फोल्डर रिकामं दिसत असेल, तर ‘गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह’. गिटहबवर प्रत्येक आवृत्तीखाली ‘सोर्स कोड’ म्हणून आपोआप बनणारी जी झिप मिळते तिच्यात सबमॉड्यूल येत नाहीत, हे लक्षात असू द्या.

हेडर फाईल सापडत नाही

आता सुरुवातीच्या उदाहरणाकडे. डेबियन आणि उबुंटू हेडर वेगळ्या पॅकेजात ठेवतात आणि त्याच्या नावाला ‘-डेव्ह’ जोडतात. अल्पाइनवरही ‘-डेव्ह’. फेडोरा आणि ओपनसूझेवर ‘-डेव्हेल’. आर्चवर अशी फारकत नाही, मूळ पॅकेजातच हेडर येतात.

नाव शोधायचं ते फाईलवरून. डेबियन-उबुंटूवर ‘ॲप्ट-फाईल’ बसवा, एकदा ‘सुडो ॲप्ट-फाईल अपडेट’ करा आणि मग ‘ॲप्ट-फाईल सर्च /झेडलिब.एच’. सुरुवातीची तिरकी रेघ महत्त्वाची. तिच्यामुळे नावाच्या शेवटी योगायोगाने तीच अक्षरं असलेल्या फाइली गळतात. तरीही पाच-दहा ओळी येतील. त्यांतली ‘/यूएसआर/इन्क्लुड’च्या थेट खाली असलेली ओळ तुमची. बाकीच्या बहुधा दुसऱ्या कुठल्या प्रकल्पाने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती असतात. फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स "*/झेडलिब.एच"’, आर्चवर आधी ‘सुडो पॅकमन -एफवाय’ आणि मग ‘पॅकमन -एफ झेडलिब.एच’, यातला एफ मोठा.

एररमध्ये फाईलच्या आधी फोल्डरचं नाव असेल तर ते टाकून देऊ नका, त्याच्यासकट शोधा. ‘ओपनएसएसएल/एसएसएल.एच’ शोधलंत की ‘लिबएसएसएल-डेव्ह’ लगेच सापडेल. नुसतं ‘एसएसएल.एच’ शोधलंत तर बाकीच्या प्रकल्पांच्या गर्दीत ते हरवेल. ‘पायथन.एच’मधला पी मोठा आहे आणि ते ‘पायथन३-डेव्ह’ बसवलं की मिळतं. ‘कर्सेस.एच’ ‘लिबएनकर्सेस-डेव्ह’मध्ये.

कधी कधी पॅकेज बसवलेलं असतं, फाईल डिस्कवर डोळ्यांना दिसते, तरी कंपायलर नाही म्हणतो. फ्रीटाइप हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तिची ‘एफटी२बिल्ड.एच’ ही फाईल ‘/यूएसआर/इन्क्लुड/फ्रीटाइप२’ या आतल्या फोल्डरात असते आणि कंपायलर आपणहून तिथे डोकावत नाही. कुणीतरी त्याला तो पत्ता द्यावा लागतो. ते काम पीकेजी-कॉन्फिगचं, त्याकडे येतोच.

आणखी एक शक्यता: हरवलेली हेडर बाहेरची नसून प्रकल्पाचीच असेल. ‘कॉन्फिग.एच’ किंवा प्रकल्पाच्या नावाने सुरू होणारी फाईल नसेल तर ती बिल्डच्या आधीच्या पायरीत तयार व्हायची होती आणि ती पायरी राहिलीय. अशी फाईल पॅकेजांत शोधून काही हाती लागणार नाही.

पीकेजी-कॉन्फिग: पत्ते सांगणारा

बहुतेक प्रकल्प लायब्ररी स्वतः शोधत नाहीत, पीकेजी-कॉन्फिगला विचारतात. त्याची सगळी जादू ‘.पीसी’ शेपटीच्या छोट्या मजकुराच्या फाइलींत आहे. झेडलिबची अशी फाईल एकदा उघडून बघाच. वर ‘प्रिफिक्स’, ‘लिबडिर’ आणि ‘इन्क्लुडडिर’ हे पत्ते, मग नाव आणि आवृत्ती, आणि खाली दोन ओळी: ‘लिब्स’पुढे लिंकरला काय सांगायचं आणि ‘सीफ्लॅग्स’पुढे कंपायलरला काय सांगायचं. बस, इतकंच. ही फाईल ‘-डेव्ह’ पॅकेजाबरोबर येते, त्यामुळे ती नसली की पीकेजी-कॉन्फिग ‘नो पॅकेज फाउंड’ म्हणतो. इथे ‘पॅकेज’ म्हणजे डिस्ट्रिब्युशनचं पॅकेज असं समजू नका; त्याच्या लेखी पॅकेज म्हणजे ‘.पीसी’ फाईल.

म्हणजे शोध पुन्हा फाईलचाच. ‘नो पॅकेज जीटीके४ फाउंड’ आलं तर ‘ॲप्ट-फाईल सर्च /जीटीके४.पीसी’. फेडोरा आणि ओपनसूझेवर तेवढेही कष्ट नाहीत: ‘सुडो डीएनएफ इन्स्टॉल "पीकेजीकॉन्फिग(जीटीके४)"’ असं थेट सांगता येतं (ओपनसूझेवर ‘डीएनएफ’च्या जागी ‘झिपर’), योग्य पॅकेज ते स्वतः शोधतात.

बसवल्यावर खात्री करा: ‘पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन जीटीके४’ने आवृत्ती छापली म्हणजे झालं. नाही छापली तर ‘पीकेजी-कॉन्फिग --एक्झिस्ट्स --प्रिंट-एरर्स जीटीके४’ चालवा आणि उत्तर शांतपणे वाचा. तिथे अनेकदा ‘अमुक पॅकेज, तमुकला हवं असलेलं, सापडलं नाही’ अशा अर्थाची ‘रिक्वायर्ड बाय’ असलेली ओळ येते. म्हणजे जीटीके जागेवर आहे, तिच्या साखळीतली पुढची एखादी कडी तुटलेली आहे. लोक इथे जीटीके चार वेळा पुन्हा बसवतात आणि त्या कडीकडे लक्षच जात नाही.

लायब्ररी तुम्ही स्वतः दुसरीकडे बसवली असेल तर तिची ‘.पीसी’ फाईल कुठे आहे ते ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ या, पूर्ण मोठ्या अक्षरांतल्या, व्हेरिएबलमध्ये द्यावं लागतं. फेडोरावर ‘/यूएसआर/लोकल’ खालच्या जागा पीकेजी-कॉन्फिग आपणहून बघत नाही, डेबियनवर बघतो. एकाच सूचना एका मशीनवर चालतात आणि दुसऱ्यावर नाही, त्याचं हे एक कारण.

आणि मशीनवर कोंडा (पायथनवाल्यांत वापरला जाणारा वेगळा पॅकेज मॅनेजर) किंवा लिनक्सवरचं होमब्रू असेल तर ‘व्हिच -ए पीकेजी-कॉन्फिग’ चालवा. कोंडाचं वातावरण चालू असताना त्याचा स्वतःचा पीकेजी-कॉन्फिग पुढे येऊ शकतो. तो फक्त कोंडाच्या फोल्डरात बघतो आणि तुम्ही ‘ॲप्ट’ने बसवलेलं त्याला दिसत नाही. ‘कोंडा डीॲक्टिव्हेट’ करून नव्याने कॉन्फिगर करा.

कॉन्फिगर ‘नाही’ म्हणतं, पण लायब्ररी तर आहे

पत्ता बरोबर, पॅकेज बरोबर, तरी ‘चेकिंग फॉर अमुक... नो’. अशा वेळी ‘कॉन्फिग.लॉग’ उघडा. ती फाईल हजारो ओळींची असते म्हणून लोक घाबरतात, पण वाचायची रीत सोपी आहे. ‘चेकिंग फॉर’ आणि लायब्ररीचं नाव शोधा. त्याच्या खालीच कॉन्फिगरने कोणती कमांड चालवली, ‘कॉन्फटेस्ट.सी’ नावाचा कोणता चिमुकला प्रोग्राम घडवायचा प्रयत्न केला आणि कंपायलरने काय उत्तर दिलं ते सगळं लिहिलेलं असतं. कॉन्फिगरचं ‘नो’ म्हणजे ‘हा चिमुकला प्रोग्राम घडला नाही’ एवढंच. तो लायब्ररी नसल्यामुळे पडला असेल, किंवा तुम्ही ‘सीफ्लॅग्स’मध्ये ‘-डब्ल्यूएरर’ दिल्यामुळे साध्या इशाऱ्यावरही पडला असेल, किंवा लिंक करताना दुसरीच लायब्ररी कमी पडली असेल. कारण तिथे शब्दशः असतं.

एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओच्या प्रकल्पाचं कॉन्फिगर ऑटोकॉन्फचं नाही, हाताने लिहिलेलं आहे. त्याची नोंद ‘एफएफबिल्ड/कॉन्फिग.लॉग’मध्ये सापडते. तिथे ‘--इनेबल-लिबएक्स२६४’ दिल्यावर येणारी एक एरर डिपेंडन्सीची वाटते पण नसते: लिबएक्स२६४ जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणून सोबत ‘--इनेबल-जीपीएल’ दिल्याशिवाय ते पुढे सरकत नाही.

सीमेक आणि मेसन

काही प्रकल्पांत ‘कॉन्फिगर’चं काम सीमेक किंवा मेसन ही अवजारं करतात. सीमेकच्या एररच्या दोन तऱ्हा ओळखायला शिका. ‘कुड नॉट फाइंड झेडलिब’ आणि पुढे कंसात ‘मिसिंग’ म्हणून लायब्ररी आणि इन्क्लुडची नावं आली तर नेहमीचं ‘-डेव्ह’ पॅकेज नाही. दुसऱ्या तऱ्हेत लांबलचक परिच्छेद येतो आणि त्यात ‘अमुककॉन्फिग.सीमेक’ अशी फाईल सापडली नाही असं म्हटलेलं असतं. तेच नाव ‘ॲप्ट-फाईल’ला द्या. ‘क्यूटी६कॉन्फिग.सीमेक’ शोधलंत की ‘क्यूटी६-बेस-डेव्ह’ मिळेल. यात मोठी-छोटी अक्षरं जशी एररमध्ये आहेत तशीच ठेवा.

लायब्ररी वेगळ्या जागी असेल तर ‘-डीसीमेक_प्रिफिक्स_पाथ=’ देऊन तिच्या वरच्या फोल्डरचा पत्ता द्या; सुरुवातीच्या आडव्या रेघेनंतरचं सगळं नाव मोठ्या अक्षरांत. सीमेक एकदा सापडलेले पत्ते ‘सीमेककॅश.टीएक्सटी’मध्ये धरून ठेवतो, म्हणून तुम्ही लायब्ररी बदलली तरी तो जुन्याच पत्त्यावर जातो. बिल्डचं फोल्डर पुसून नव्याने सुरू करणं हा साधा उपाय, सीमेक ३.२४पासून ‘--फ्रेश’ हा पर्यायही आहे.

मेसनची नोंद ‘मेसन-लॉग्ज/मेसन-लॉग.टीएक्सटी’मध्ये असते. सिस्टिमवर लायब्ररी मिळाली नाही तर काही प्रकल्पांत मेसन ती स्वतः उतरवून घेऊन आत बिल्ड करतो. सोय चांगली आहे, पण काय उतरवलं जातंय ते कळायला हवं असेल तर ‘--रॅप-मोड=नोफॉलबॅक’ द्या. मग नाही ते नाही असं सरळ सांगतो.

लिंकर अडतो तेव्हा

‘कॅनॉट फाइंड -एलझेड’. इथे ‘-एल’ म्हणजे लायब्ररी आणि पुढचा ‘झेड’ हे तिचं नाव. लिंकर ‘लिबझेड.एसओ’ किंवा ‘लिबझेड.ए’ शोधतोय. तुमच्या डिस्कवर ‘लिबझेड.एसओ.१’ असेल, तरी ते त्याला चालत नाही. मागे आकडा नसलेली फाईल हवी. ती एक साधी सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारी नोंद) असते आणि तीसुद्धा ‘-डेव्ह’ पॅकेजाबरोबरच येते. ती हाताने बनवू नका, पॅकेज बसवा. ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ अशी ओळ आली तर लायब्ररी सापडली पण ती दुसऱ्या रचनेची आहे, उदाहरणार्थ ६४ बिटच्या बिल्डला ३२ बिटची.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ जरा खोलात जायला लावतं. हेडर सापडली, कंपाईल झालं, पण त्या नावाचं फंक्शन लिंकरला कुठल्याच दिलेल्या लायब्ररीत मिळालं नाही. ‘मेक व्ही=१’ किंवा सीमेकच्या बिल्डमध्ये ‘मेक व्हर्बोज=१’ (दोन्हींत बरोबरच्या चिन्हाआधीचा शब्द मोठ्या अक्षरांत) चालवून लिंक करणारी पूर्ण ओळ बघा. त्यात ती लायब्ररी आहे का? ‘डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन’ असं आलं तर नाही, आणि त्याच ओळीत कोणती हवी तेही लिहिलेलं असतं. असेल तर क्रम बघा: स्टॅटिक लायब्ररी (‘.ए’ शेपटीची) तिला वापरणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलींच्या (कंपाईल झालेल्या तुकड्यांच्या) नंतर यावी लागते. क्रमही बरोबर असेल तर हेडर एका आवृत्तीची आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची असण्याची शक्यता मोठी. ‘/यूएसआर/लोकल’मध्ये कधीकाळी हाताने बसवलेली जुनी प्रत शोधा, बहुधा तीच सापडते.

बिल्ड झालं, प्रोग्राम मात्र सुरू होत नाही

‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’. प्रोग्रामवर ‘एलडीडी’ चालवा, ज्या ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ आहे ती लायब्ररी लोडरला (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणाऱ्याला) सापडत नाही. (हे फक्त स्वतः बिल्ड केलेल्या किंवा विश्वासाच्या प्रोग्रामवर, अनोळखी बायनरीवर ‘एलडीडी’ चालवणं सुरक्षित नाही.) लायब्ररी ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये नुकतीच बसवली असेल तर डेबियन-उबुंटूवर ‘सुडो एलडीकॉन्फिग’ पुरतं. स्वतःच्या होम फोल्डरात असेल तर तात्पुरतं ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ (पूर्ण मोठ्या अक्षरांत) द्या, कायमचं हवं असेल तर बिल्डच्या वेळी ‘आरपाथ’ (प्रोग्राममध्येच लिहिलेला लायब्ररीचा पत्ता) घाला.

‘लिबअमुक.एसओ.१’ नाही आणि ‘लिबअमुक.एसओ.२’ आहे, म्हणून दुसरीला पहिल्या नावाची सिमलिंक करा, असा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळेल. कृपया असं करू नका. तो आकडा मुद्दाम बदललेला असतो: आतली रचना बदलली आहे आणि जुना प्रोग्राम हिच्याशी बोलू शकणार नाही, हे सांगण्यासाठी. प्रोग्राम सुरू होईल, काही दिवस चालेलही, आणि मग चुकीच्या जागची मेमरी वाचून तुमचा डेटा बिघडवेल.

गुपचूप वगळलेल्या डिपेंडन्सी

वरच्या सगळ्या एरर निदान ओरडून सांगतात. मला जास्त भीती वाटते ती न ओरडणाऱ्यांची. एकदा मी पायथन सोर्समधून बिल्ड केलं. एकही एरर नाही, सगळं बसलं. चार दिवसांनी ‘पिप’ने काही उतरवायला गेलो तर एसएसएल मॉड्यूल नाही म्हणून ते पडलं. बिल्डच्या शेवटी पायथनने स्पष्ट छापलं होतं की अमुक ऐच्छिक मॉड्यूलांसाठी लागणारी सामग्री सापडली नाही, आणि त्या यादीत ‘_एसएसएल’, ‘_बीझेड२’, ‘_लझ्मा’ अशी नावं होती. मी ती वाचली नव्हती. ‘लिबएसएसएल-डेव्ह’, ‘लिबबीझेड२-डेव्ह’, ‘लिबलझ्मा-डेव्ह’, ‘लिबएफएफआय-डेव्ह’, ‘लिबएसक्यूलाइट३-डेव्ह’ आणि ‘लिबरीडलाइन-डेव्ह’ बसवून पुन्हा सगळं करावं लागलं. पायथन ३.१०पासून ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्याहून नवं लागतं, त्यामुळे जुन्या सिस्टिमवर पॅकेज असूनही हे मॉड्यूल वगळलं जातं.

म्हणून कॉन्फिगर संपल्यावर येणारा सारांश ओळ न ओळ वाचा. तुम्हाला हव्या त्या सोयीपुढे ‘नो’ असेल तर तिथेच थांबा. त्याहून चांगलं म्हणजे ‘./कॉन्फिगर --हेल्प’ बघून ती सोय ‘--विथ’ किंवा ‘--इनेबल’ने मुद्दाम मागा. मागितलेली गोष्ट मिळाली नाही तर बहुतेक प्रकल्प गप्प न बसता थांबतात. उलट, जी सोय तुम्हाला कधीच लागणार नाही तिच्यासाठी दहा लायब्ररी गोळा करण्यापेक्षा ‘--विदाउट’ देऊन मोकळे व्हा.

आवृत्ती जुनी पडते तेव्हा

प्रकल्पाला लायब्ररीची अमुक आवृत्ती हवी आणि तुमच्या डिस्ट्रिब्युशनकडे त्याआधीची. पहिला प्रश्न स्वतःला विचारा: या प्रोग्रामची सगळ्यात नवीच आवृत्ती खरंच हवी का? एखादा जुना टॅग (गिटमधली जुन्या आवृत्तीची खूण) घेतला तर बऱ्याचदा प्रश्नच मिटतो. नंतर डिस्ट्रिब्युशनचे बॅकपोर्ट्स (जुन्या रिलीजसाठी घडवलेली नवी पॅकेजं) बघा. पण नव्या रिलीजची रिपॉझिटरी जुन्या सिस्टिमला जोडून एकच पॅकेज ओढायचा मोह आवरा; डेबियनच्या विकीवर अशा खिचडीला ‘फ्रँकेनडेबियन’ असं नाव आहे आणि ती पुढच्या अपडेटला मोडते. कॉन्फिगरमधला किमान आवृत्तीचा आकडा खोडून कमी करणं हाही मार्ग नव्हे. एरर तिथून उठून कंपाईलमध्ये जाऊन बसते, एवढंच.

हे काही जमलं नाही तर ती लायब्ररी स्वतः बिल्ड करा, पण स्वतःच्या होम फोल्डरात. ‘./कॉन्फिगर --प्रिफिक्स=$होम/ऑप्ट/अमुक-२.४’, मग ‘मेक’, मग ‘मेक इन्स्टॉल’. ‘होम’ मोठ्या अक्षरांत. सुडो कुठेच नाही. मग मूळ प्रकल्पाकडे येऊन ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’मध्ये ‘$होम/ऑप्ट/अमुक-२.४/लिब/पीकेजीकॉन्फिग’ द्या, ‘एलडीफ्लॅग्स’मध्ये ‘-डब्ल्यूएल,-आरपाथ,’ आणि पुढे तिच्या ‘लिब’ फोल्डरचा पत्ता द्या (व्हेरिएबलचं नाव मोठ्या अक्षरांत, पर्यायात फक्त डब्ल्यू मोठा), आणि नव्याने कॉन्फिगर करा. काही सिस्टिमवर ‘लिब’च्या जागी ‘लिब६४’ असतं, डोळ्यांनी बघून घ्या. नको झालं की ते एक फोल्डर पुसलं की काम संपलं. जी-लिबसी (सिस्टिमची मूळ सी लायब्ररी), ओपनएसएसएल आणि सिस्टिमचं पायथन यांच्या नव्या प्रती ‘/यूएसआर’मध्ये जुन्यांवर कधीही बसवू नका. त्यांच्यावर तुमचा पॅकेज मॅनेजर, लॉगिन, शेल असं सगळं उभं आहे.

सुडोचा विषय निघालाच आहे तर: ‘कॉन्फिगर’ आणि ‘मेक’ कधीच सुडोने चालवू नका. बिल्डच्या स्क्रिप्ट हाही तुमच्या मशीनवर चालणारा कोडच असतो. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट सापडली, तेव्हा ती जागी करणारी एक एम४ फाईल (ऑटोकॉन्फच्या मॅक्रोंची) रिलीजच्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या बांधलेल्या गठ्ठ्यात) होती, गिटमध्ये नव्हती. ती बिल्डच्या पायरीतच काम करत होती. डिपेंडन्सी शक्यतो डिस्ट्रिब्युशनकडून घ्या, आणि कुठल्या तरी साइटवरून एकटी ‘.एसओ’ फाईल उतरवून ‘/यूएसआर/लिब’मध्ये टाकणं तर नकोच.

यादी लिहून ठेवा, रिकाम्या जागी तपासा

प्रत्येक पॅकेज बसवलं की त्याचं नाव एका फाईलमध्ये लिहा. बिल्ड यशस्वी झालं की ती यादी खरंच पूर्ण आहे का ते तपासा, कारण तुमच्या मशीनवर आधीपासून असलेल्या दोन-तीन लायब्ररी तुमच्या लक्षातच आलेल्या नसतात. ‘पॉडमन रन -आयटी --आरएम डेबियन:स्टेबल’ने कोरा कंटेनर (तुमच्या मशीनपासून वेगळी अशी रिकामी सिस्टिम) उघडा (‘डॉकर’नेही हेच होतं), तुमच्या यादीतली पॅकेजं बसवा, सोर्स आणा आणि बिल्ड चालवा. अडलं तर राहिलेलं नाव सापडलं. ते यादीत घाला, कंटेनर बंद करा, नवा उघडून पुन्हा पहिल्यापासून चालवा. एकही एरर न येता पार पडलं, की ती यादी प्रकल्पाच्या रीडमीशी ताडून बघा आणि तिथे जे नाव नाही ते पॅच करून पाठवा.